डबे वाजतात, सोफा गप्प

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या घरी मी गेलो तेव्हा काकांनी सबवूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, परत खोक्यात भरायची तयारी केली होती. दहा इंची, 200 वॉटचा, आठच दिवसांपूर्वी मीच बसवलेला. "दहा इंची घेतला तिथंच चुकलं. बारा इंची बदलून द्या," काका म्हणाले. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "हिकडं स्वयंपाकघरात डबे वाजायला लागलेत आणि हे म्हणतात आवाज नाही!"

काकूंच्या त्या एका वाक्यात निदान होतं. बेस, म्हणजे खालचा घुमारा, तयार होत होता, पण सोफ्यावर पोचत नव्हता.

मी टेप काढला. खोली 14 बाय 11 फूट, उंची 10. बसवायला गेलो त्या दिवशी सोफा मागच्या भिंतीला होता. नंतर टीव्ही लांब वाटतो म्हणून पुढे ओढलेला. आता बसणाऱ्याचं डोकं पुढच्या आणि मागच्या भिंतीपासून बरोबर सात-सात फुटांवर येत होतं. इथंच सगळं अडलं होतं. 565 ला खोलीच्या लांबीच्या फुटांनी भागलं की त्या लांबीत घुमणारा सगळ्यात खालचा स्वर मिळतो. इथं तो साधारण 40 हर्ट्झ. हा स्वर दोन्ही भिंतींपाशी सगळ्यात जोरात आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. मागच्या भिंतीपलीकडेच स्वयंपाकघर, मधलं दार कायम उघडं. डबे वाजणारच.

मोबाईलवरून सबवर 40 चा सलग स्वर लावला आणि काकांना म्हटलं, "सोफ्यावरून उठून मागच्या भिंतीपर्यंत चालत या." चार पावलांत त्यांचा चेहरा बदलला. परत फिरले, पुन्हा गेले. पोटात जाणवणारा तो स्वर सोफ्यापाशी आला की विरून जात होता.

स्वर असा विरतो त्या जागेला आम्ही खड्डा म्हणतो. बारा इंची आणला तरी खड्डा खड्डाच राहतो. इक्वलायझरनं, म्हणजे एकेक स्वर कमी-जास्त करायच्या सोयीनं, 40 वर चढवलं तर अॅम्प्लिफायर दमतो, भिंतीपाशी गडगडाट वाढतो आणि खुर्चीत काहीच मिळत नाही. जागा बदलणं हा सोपा उपाय, आणि तो फुकटचा आहे. मात्र सोफा थेट भिंतीला टेकवला की बेस फुगतो आणि शब्द चिखलात बुडाल्यासारखे येतात. लांबीच्या पाव अंतरावर, म्हणजे मागून साडेतीन फुटांवर, त्याच्या दुप्पट, म्हणजे 80 च्या स्वराचा खड्डा असतो. म्हणून मी एक तृतीयांश धरतो. डोकं मागच्या भिंतीपासून 4 फूट 8 इंचांवर येईल असा सोफा सरकवला, म्हणजे 2 फूट 4 इंच मागे.

बेस आला, पण ढोलाच्या थापेत अजून पोकळी होती. सबच्या पाठीमागं पाहिलं तर क्रॉसओव्हरचं, म्हणजे किती हर्ट्झपर्यंतचे स्वर सबनं घ्यायचे ते ठरवणारं बटण कुणीतरी 60 वर फिरवलेलं, आणि सगळे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरमध्ये 80. दोन चाळण्या एकावर एक बसल्या की मधला 60 ते 80 चा पट्टा गळून जातो. रिसीव्हर वापरत असाल तर सबवरचं हे बटण शेवटपर्यंत उघडं ठेवायचं आणि पुढचे स्पीकर मेनूत 'स्मॉल' करायचे, म्हणजे त्यांचे खालचे स्वर सबकडे जातात. मग 80 चा स्वर सब आणि स्पीकर दोन्हींतून वाजवून फेजचं, म्हणजे सब आणि स्पीकरांची हालचाल एका तालात आणणारं बटण 0 आणि 180 वर आलटून पालटून पाहिलं. सोफ्यावर ज्याला आवाज भरीव येतो ते ठेवायचं, इथं 0. सबचा गेन, म्हणजे त्याच्या आवाजाचं बटण, मध्यावर ठेवून रिसीव्हरच्या टेस्ट आवाजावर सबची पातळी बाकीच्या स्पीकरांबरोबर 75 डेसिबलला जुळवली. मोबाईलचं मीटर खालच्या स्वरांचा नेमका आकडा देत नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय कानानं घेतला.

रुंदीतही सोफा मधोमध असल्यामुळे 51 च्या आसपास थोडी खोट राहिली. टीव्ही मध्यावर टांगलेला, म्हणून ती तशीच सोडली.

काकांनी पखवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. डाव्या पुडीचा घुमारा, कणीक लावलेल्या चामड्याचा तो ओला, खोल 'धा', खोलीभर नीट उभा राहिला. आणि त्याच वेळी शोकेसची सरकती काच किणकिणू लागली. खाचेत दोन मिलिमीटरची फेल्टची पट्टी चिकटवली, मग तीही थांबली. खोकं माळ्यावर गेलं.