तुम्ही विचारलंत म्हणून : फायरबॉलला कात्री का लावत नाही?

रविवारी आमच्याकडे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर खेळायच्या जादूच्या गोष्टीचा डाव बसतो आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी असतो, हे कळलं की जाणकार मंडळी आगीचा गोळा फेकणाऱ्या 'फायरबॉल' या स्पेलबद्दल, म्हणजे मंत्राबद्दल, हटकून विचारतात, "फायरबॉलचं डॅमेज कमी केलंयत ना?" नाही. एकदा केलं होतं आणि तोंडघशी पडलो.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत विझार्ड, म्हणजे जादूगार, पाचव्या लेव्हलला पोचला की हा स्पेल हाती येतो. २० फूट त्रिज्येत जो सापडेल त्याला ८डी६ डॅमेज, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज, सरासरी २८. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमला तर निम्मं. साध्या गॉब्लिनचे, म्हणजे खुज्या राक्षसाचे, एचपी (जीव किती उरलाय त्याचे गुण) ७, त्यामुळे सेव्ह जमूनही बिचारा सहसा उरत नाही. गंमत म्हणजे २०१४च्या डीएमच्या पुस्तकात फायरबॉलच्या तोडीच्या, अनेकांना लागणाऱ्या स्पेलसाठी ६डी६ सुचवलेत. तो आकडा धरून मी दोन फासे काढून घेतले.

आमच्या विझार्डने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी तो 'हिप्नॉटिक पॅटर्न' हा भुरळ पाडणारा स्पेल घेऊन आला. आठ ऑर्कांपैकी सहा जणांचे सेव्ह हुकले आणि ते खुळ्यासारखे बघत उभे राहिले. फायटरने एकेकाला निवांत गाठलं. त्यापेक्षा फायरबॉल परवडला! त्यात सेव्ह जमलेला १५ एचपीचा ऑर्क १४ खाऊन, उरलेल्या एका एचपीवर का होईना, कुऱ्हाड घेऊन अंगावर तरी येतो.

१९७८च्या नियमांत तर विझार्डची जितकी लेव्हल तितके फासे, वर मर्यादाच नाही. पण आगीला सुमारे ३३,००० घनफूट जागा लागायची, आणि नाही मिळाली तर ती वाट काढायची. दहा बाय दहाच्या बोळात हिशेब करा : ३३० फूट लांब आग, फेकणाऱ्यासकट. मला हा नियम फार आवडतो. पुढे तो गेला, कदाचित भागाकाराच्या कंटाळ्याने.

हल्ली मी आठही फासे देतो. पाचव्या लेव्हलला या स्पेलचे स्लॉट, म्हणजे तो फेकायच्या संधी, दोनच, आणि दिवसात एकदा छोट्या विश्रांतीत एखादा परत मिळवता आला तरी दोन्ही भरायला रात्रभर विश्रांती लागते. दिवसात एकच लढाई ठेवली तर दोन्ही तिथेच उडणार. चार ठेवल्या की हात आपोआप आखडतो. शिवाय माझे गॉब्लिन आता फोटोला उभं राहिल्यासारखे घोळका करत नाहीत. आणि कोणाच्या अंगावर वा हातात नसलेली जळाऊ वस्तू पेटते, हे स्पेलच्या वर्णनातच आहे.

परवा गॉब्लिन शिरले होते ते गावाच्या धान्यकोठारात. विझार्डने फासे मुठीत घेतले आणि थांबला.

"आत पोती किती?"

"असतील तीनशे."

मूठ तशीच. फायटर त्याच्याकडे डोळे वटारून बघतोय.

"भिजलेली आहेत का?"

याचा मी काही विचारच केला नव्हता.