परवान्यामागचा न दिसणारा शेरा

अमेरिकेत वाहनचालक परवाना हा नावापुरताच गाडी चालवण्याचा परवाना आहे. देशभर एकच सक्तीचे ओळखपत्र तिथे नसल्यामुळे बँकेत खाते उघडताना, देशांतर्गत विमानात चढताना, घर भाड्याने घेताना सर्वसामान्य माणूस हाच प्लास्टिकचा तुकडा पुढे करतो. रस्त्यात गाडी थांबवणाऱ्या पोलिसालाही तोच हवा असतो, पण वेगळ्या कारणासाठी. परवान्यावरचा क्रमांक किंवा नाव गाडीतल्या संगणकात घातले की राज्याच्या मोटार वाहन विभागाची नोंद उघडते, एनलेट्स या आंतरराज्य जाळ्यामार्फत इतर राज्यांच्या नोंदी येतात आणि केंद्रीय तपास संस्था एफबीआय 1967 पासून चालवत असलेल्या एनसीआयसी या गुन्हेविषयक माहितीकोशात ते नाव ताडून पाहिले जाते. परवान्यावर काय छापले आहे ते परवानाधारक वाचू शकतो. त्या पडद्यावर त्याच्या नावापुढे कोणता शेरा आहे, हे मात्र त्याला दिसत नाही. माझी काळजी या दुसऱ्या गोष्टीची आहे.

छापील शेऱ्याबद्दल न्यायालयांनी अलीकडे बरेच काही सांगितले आहे. लुइझियाना राज्यात लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या व्यक्तीच्या ओळखपत्रावर 'लैंगिक गुन्हेगार' असे शब्द नारिंगी रंगात छापण्याची सक्ती होती. एका इसमाने ते शब्द खोडले, त्याच्यावर खटला झाला आणि 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती अमेरिकेच्या राज्यघटनेच्या, अभिव्यक्तिस्वातंत्र्याला संरक्षण देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीशी विसंगत ठरवली, कारण सरकारचे म्हणणे माणसाने स्वतःच्या खिशातून दर दुकानदाराला दाखवत फिरावे, अशी जबरदस्ती सरकारला करता येत नाही. अलाबामातील अशाच छापील शिक्क्याविरुद्ध 2019 मध्ये संघीय न्यायालयाने तोच निष्कर्ष काढला होता. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. मात्र पोलिसांना माहिती हवीच असेल तर फक्त त्यांनाच कळेल असे एखादे अक्षर किंवा सांकेतिक चिन्ह पुरेसे आहे, हा जो पर्याय या वादातून पुढे आला, त्याने चारचौघांतली मानहानी टळते आणि एक नवा प्रश्न उभा राहतो. या खटल्यांतल्या माणसांना निदान आपल्यावर शिक्का आहे हे ठाऊक होते आणि तो न्यायालयाच्या निकालातून आलेला होता. सांकेतिक शेऱ्याची सवय एकदा यंत्रणेला लागली की निकालाची अट हळूहळू गळून पडते. संशय, ऐकीव माहिती, एखाद्या अधिकाऱ्याचे मत, यांतून निघालेला शेराही पडद्यावर तितक्याच ठामपणे उमटतो.

अशा शेऱ्यांचा कोश किती बेफिकिरीने भरला जाऊ शकतो, याचे मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. टोळ्यांच्या सदस्यांची नोंद ठेवणारी कॅलगँग ही यादी परवान्याच्या नोंदींहून वेगळी असली, तरी रस्त्यात थांबवलेल्या माणसाविषयी जाणून घेण्यासाठी पोलीस तीही उघडू शकत. 2016 मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी ती तपासली, तेव्हा नोंद झाली त्या वेळी ज्यांचे वय एक वर्षाहूनही कमी होते अशा 42 व्यक्ती तीत सापडल्या, आणि त्यांपैकी 28 जणांनी आपण टोळीत असल्याची स्वतः कबुली दिल्याचे लिहिलेले होते. जन्मतारीख टंकताना चूक झाली असणार, हे उघड आहे. पण ती वर्षानुवर्षे कोणाच्याही नजरेस पडली नाही, याचा अर्थ त्या नोंदी कोणी पुन्हा वाचतच नव्हते. पाच वर्षांनी काढून टाकायला हव्या होत्या अशा सहाशेहून अधिक नोंदीही तशाच पडून होत्या. त्याच वर्षी राज्याने कायदा करून, प्रौढ व्यक्तीचे नाव यादीत घालण्यापूर्वी तिला कळवणे बंधनकारक केले. अल्पवयीनांसाठी ही तरतूद त्याआधीच झाली होती.

राष्ट्रीय पातळीवर वारे उलट्या दिशेने वाहिले. सरकारी नोंदी अचूक, पुरेशा आणि अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी 1974 चा प्रायव्हसी ॲक्ट सरकारी संस्थांवर टाकतो. न्याय विभागाने 2003 मध्ये एनसीआयसीला या अचूकतेच्या अटीतूनच सूट दिली. तपास चालू असताना कोणती माहिती पुढे खरी ठरेल हे आधी सांगता येत नाही, असे कारण देण्यात आले. हे कारण तपासाच्या कागदपत्रांना लागू पडेल. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला बेड्या घालायच्या की नाही हे ज्या नोंदीवरून ठरते, तिला ते कसे लागू करायचे, हे मला आजवर पटलेले नाही. दहशतवादी असल्याच्या संशयावरून झालेल्या नोंदीत तर तिच्याबद्दल त्या व्यक्तीला काहीही कळू देऊ नये, अशी सूचना पोलिसाला मिळते. चुकून नाव आलेल्या माणसाला आपल्याला दर वेळी इतका वेळ का थांबवून ठेवतात, हे कधीच उमगत नाही.

आणि नोंद चुकली तर भरपाई काय? 2004 मध्ये अलाबामात बेनी हेरिंग या इसमाला शेजारच्या काउंटीच्या संगणकात अटक वॉरंट दिसते म्हणून पकडून त्याची झडती घेण्यात आली. ते वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतले गेल्याचे काही मिनिटांत उघड झाले, पण तोवर झडतीत अमली पदार्थ आणि पिस्तूल सापडले होते. अटकच बेकायदा असल्याने हा पुरावा खटल्यातून वगळावा, ही त्याची मागणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. चूक जाणूनबुजून केलेली नव्हती, एकट्यादुकट्या निष्काळजीपणाची होती, असे बहुमताने म्हटले. त्या माणसाबद्दल कोणाला सहानुभूती वाटो वा न वाटो, निकालाचा परिणाम सर्वांवर होतो, कारण नोंदी स्वच्छ ठेवण्याचे यंत्रणेवरचे एक मोठे दडपण त्याने सैल केले. 2020 च्या कॅन्सस विरुद्ध ग्लोव्हर खटल्यात तर गाडीच्या मालकाचा परवाना रद्द झाल्याची नोंद दिसल्यावर, वेगळे काही आढळत नसेल तर, चालवणारा मालकच असावा असे गृहीत धरून गाडी थांबवणे न्यायालयाने ग्राह्य मानले. म्हणजे शेरा मालकाच्या नावावर असला, तरी त्याची झळ त्याची गाडी घेऊन निघालेल्या मुलीला किंवा शेजाऱ्यालाही लागू शकते.

काही शेरे माणूस स्वतःहून मागतो, आणि त्यांच्याबाबत माझे मन खरोखर द्विधा होते. व्हर्जिनियात 2014 पासून स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला परवान्यावर तशी सांकेतिक खूण मागून घेता येते. टेक्सासने 2019 मध्ये कायदा करून, संवादात अडचण येणाऱ्या व्यक्तीची माहिती वाहन नोंदणीशी जोडून पोलिसांना आधीच दिसेल अशी सोय केली. प्रश्नाचे उत्तर न देणारा तरुण उद्धट नसून त्याला बोलणेच जड जाते, हे पोलिसाला गाडीजवळ येण्यापूर्वी कळले तर एखादा जीव वाचेल. मी अशा मुलाची आई किंवा वडील असते तर बहुधा अर्ज भरला असता. पण भरण्यापूर्वी विचारले असते की ही वैद्यकीय माहिती आणखी कोणाकोणाला दिसते आणि मुलाने पुढे ती काढून टाकायला सांगितले, तर ती सगळीकडून निघते का.

कोणाकोणाला दिसते, हा प्रश्न कल्पनेतला नाही. मोटार वाहन विभागाच्या नोंदींना संरक्षण देणारा 1994 चा संघीय कायदा ज्या घटनांनंतर झाला, त्यांत 1989 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झालेली अभिनेत्री रिबेका शेफर हिची हत्या होती. मारेकऱ्याने खासगी गुप्तहेरामार्फत तिचा पत्ता याच नोंदींतून मिळवला होता. त्या कायद्याने बाहेरच्या लोकांसाठी दार बरेचसे बंद केले, पण पोलिसांना त्यांच्या कामासाठी ते उघडे ठेवले. मिनेसोटात पूर्वी पोलीस दलात असलेल्या एका महिलेची परवान्याची नोंद शंभराहून अधिक पोलिसांनी, कामाचा काहीही संबंध नसताना, चारशेहून अधिक वेळा उघडून पाहिली होती. तिच्या दाव्यांच्या तडजोडीपोटी विविध शहरांनी मिळून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजली. त्याच राज्याच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांना 2013 मध्ये आढळले की परवान्यांच्या नोंदी पाहण्याची मुभा असलेल्या पोलीस कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी शंकास्पद वाटतील असे शोध घेतले होते.

म्हणून शेरा ठेवायचाच असेल, तर तो कोणी आणि कशाच्या आधारावर ठेवला, तो कोणत्या तारखेला आपोआप पुसला जाईल, हे त्याच नोंदीत असायला हवे, आणि चालू तपासाचा काळ सोडला तर ज्याच्या नावापुढे तो आहे त्याला ते कळायला हवे. नोंद कोणी उघडून पाहिली याची यादीही त्याला मिळायला हवी. 1994 च्या कायद्यात गैरवापरासाठी किमान अडीच हजार डॉलर भरपाईची तरतूद आहे, पण आपली नोंद कोणी पाहिली हेच ठाऊक नसलेला माणूस ती मागणार कोणाकडे? मिनेसोटातल्या त्या महिलेला सारे कळले, कारण तिला शंका आली आणि आपली नोंद कोणी कोणी उघडली याची माहिती तिने राज्याच्या विभागाकडे मागितली.