नवी केबल निर्दोष होती

"केबल बदलली आणि एसडब्ल्यूआर दीडवरून थेट तीनवर गेला. दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला बघ," सर फोनवर वैतागून म्हणाले. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते ते सांगणारा आकडा; एकच्या जितका जवळ तितका चांगला. सर निवृत्त शिक्षक आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले; गुहागरकडे समुद्राजवळ राहतात, दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) रोज संध्याकाळी असतात. वायरलेस सेट दुरुस्त करणं माझा धंदा, पण ही तक्रार मला वेगळी वाटली. जाड, महाग आरजी-२१३ केबल टाकल्यावर आकडा बिघडतो कसा?

गेल्यावर आधी रिगलाच, म्हणजे रेडिओ सेटलाच, डमी लोड लावला; तो अँटेनाच्या जागी बसून सगळी शक्ती जिरवतो. आकडा १.१, म्हणजे रिग आणि मीटर ठीक. मग तोच डमी लोड घेऊन गच्चीवर गेलो, अँटेना सोडवली आणि नव्या केबलच्या वरच्या टोकाला तो जोडला. खालून सरांनी ओरडून सांगितलं, "एक पॉइंट एक!" केबल निर्दोष होती. दुकानदारही.

आता जुनी केबल. ती अजून कोपऱ्यात गुंडाळलेली होती, सुमारे ३० मीटर आरजी-५८. ती रिगला लावली आणि दुसरं टोक मोकळंच ठेवलं. लो पॉवरवर क्षणभर कॅरिअर, म्हणजे न बोलता नुसता सिग्नल, दिला. मीटर १.४ वर.

"अरे, पण त्याला अँटेनाच नाही!" सर म्हणाले.

तीच तर गोम होती. मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती परत फिरते, म्हणजे आकडा खूप मोठा यायला हवा. १४५ मेगाहर्ट्झला एवढी आरजी-५८ चांगल्या अवस्थेतही सहाएक डेसिबल खाते. जाताना शक्तीचा पाऊण हिस्सा वाटेतच उष्णता होऊन जातो. टोकाला आपटून जे परत फिरतं, त्यातलंही पाऊण येताना जिरतं. मीटरपर्यंत पोचतो जेमतेम सोळावा हिस्सा, आणि मीटर बिचारा तेवढंच मोजतो. सरांच्या केबलमध्ये तर पाणी शिरलं होतं. वरचा कनेक्टर कापला, तर तांब्याची जाळी काळी पडलेली. पावसाळ्यात कनेक्टरवर नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली की किनाऱ्यावर हेच होतं. २५ वॅटमधले पाचही अँटेनाच्या टोकापर्यंत जात नव्हते.

मग नवी केबल दाखवत असलेला तीनचा आकडा? तो खरा होता. तिच्यात नुकसान कमी, म्हणून वरचं दुखणं खाली दिसायला लागलं.

अँटेना साधी ग्राउंड प्लेन: मधे सुमारे ४९ सेंटिमीटरची उभी दांडी, खाली चार तिरप्या. बाहेरून ठणठणीत दिसत होती. सीलंट खरवडलं तेव्हा कळलं, उभ्या दांडीचा सॉकेटच्या पिनशी असलेला सोल्डर जोड तुटला होता. वारा दांडी हलवत राहिला, खारी हवा आत शिरत राहिली. सीलंटमुळे दांडी जागेवर उभी होती, एवढंच.

पिन घासून नवा जोड दिला, कनेक्टरवर रबरी सेल्फ-फ्युजिंग टेप ताणून लावली, केबलला खाली एक वळसा ठेवला म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. मीटर १.२. सरांनी लगेच रिपीटरवर, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणाऱ्या केंद्रावर, हाक दिली. पलीकडून पहिला प्रश्न आला, "सर, नवा रिग घेतला का?"

एसडब्ल्यूआर कमी म्हणून अँटेना चांगली, असं समजणारे हॅम मला नेहमी भेटतात. त्यांना मी सांगतो, एकदा वरचं टोक सोडून बघा. आकडा फारसा हलला नाही, तर आधी केबल बदला.