गोठलेल्या जमिनीवरून आर्क्टिक समुद्रापर्यंत

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, डॉसन सिटीच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, क्लोंडाइक महामार्गातून एक खडीचा रस्ता उत्तरेकडे फुटतो. हा डेम्पस्टर महामार्ग होय. सुमारे ७४० किलोमीटर अंतर कापून तो इनुव्हिक या गावी पोचतो आणि तिथून २०१७ साली सुरू झालेला आणखी सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता तुक्तोयाक्तुकला, म्हणजे थेट आर्क्टिक महासागराच्या काठावर नेऊन सोडतो. इनुव्हिकजवळचा थोडा भाग वगळला तर या वाटेवर डांबर जवळजवळ नाहीच. कॅनडाच्या रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेले आर्क्टिक किनाऱ्यावरचे हे एकमेव गाव. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र एडमंटनहून निघून तिथपर्यंत जाऊन आलो.

या मित्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण हा प्रवास मी बराचसा त्याच्या नजरेने पाहिला. आम्ही दोघे सांगलीत एकत्र शिकलो. मी पुढे परदेशी आलो, तर तो रस्तेबांधणीच्या सरकारी नोकरीत राहिला आणि त्याच्या नोकरीतली कितीतरी वर्षे कोकणात उतरणाऱ्या घाटरस्त्यांच्या देखभालीत गेली. निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला रॉकी पर्वतातील सरोवरे दाखवायची म्हणत होतो. त्याने नकाशावर बोट ठेवून विचारले, ‘हा रस्ता जिथे संपतो तिथे जाता येईल का?’ बेत तिथेच ठरला.

एडमंटन ते व्हाइटहॉर्स हे सुमारे दोन हजार किलोमीटर आणि पुढे डॉसनपर्यंतचे पाचशेहून अधिक, यांविषयी मी इथे फारसे लिहीत नाही. अलास्का महामार्ग १९४२ साली, युद्धाच्या घाईत, काही महिन्यांत काढला गेला आणि त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. डॉसनला आम्ही टाकी काठोकाठ भरली, जादा इंधनाचे कॅन घेतले, दोन स्टेपन्या तपासल्या आणि फाट्यावर वळलो. फाट्यापासूनचा पहिला पंप ३६९ किलोमीटरवर ईगल प्लेन्स येथे आहे. मधल्या अंतरात दुकान नाही, गाव नाही आणि मोबाइलला रेंजही नाही.

फाट्यापासून सत्तर किलोमीटरवर टूमस्टोन उद्यानाचे केंद्र लागते. इथे ग्रॅनाइटचे काळे सुळके एकदम वर उठतात आणि खाली दरीभर टुंड्राची बुटकी झुडपे पसरलेली असतात. ऑगस्टच्या शेवटी ही झुडपे लाल, शेंदरी आणि पिवळी होतात. हा रंग झाडांवर नसून जमिनीलगत असतो, त्यामुळे डोंगरच्या डोंगर रंगलेला दिसतो. हे उद्यान त्रोन्देक ह्वेचिन लोकांशी झालेल्या १९९८ च्या करारातून आकाराला आले. ही त्यांची शिकारीची आणि वस्तीची पूर्वापार भूमी आहे, आणि उद्यानाच्या कारभारात त्यांचा वाटा आहे. आमचा पहिला मुक्काम तिथल्याच तळावर होता. स्टोव्हवर मेतकूट-भात शिजवला, सांगलीहून आलेले भडंग उघडले आणि अस्वलांच्या भीतीने उरलेसुरले सगळे गाडीत बंद करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी मित्राने पहिला तास गाडी चालवली आणि मग एकाएकी बाजूला घेऊन तो खाली उतरला. रस्त्याच्या कडेला उभा राहून तो भरावाची उंची पाहत होता. हा रस्ता आसपासच्या जमिनीपेक्षा बराच उंच आहे, कुठे सव्वा मीटर तर कुठे सुमारे अडीच मीटर. आपल्याकडे एवढा भराव पूररेषेच्या वर राहण्यासाठी किंवा ओढा ओलांडण्यासाठी घालतात. इथे त्याचे कारण वेगळे आहे. या मातीच्या खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठून राहिलेली जमीन आहे, आणि तिच्यात बर्फाचे थर आहेत. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो व हिवाळ्यात पुन्हा गोठतो. वरची झुडपे, शेवाळ आणि पीटमाती खरवडून काढली तर ऊन आत शिरते, खालचा बर्फ वितळतो आणि जमीन खचते. म्हणून इथे जमीन उकरायची नाही, छाटायची नाही, तर जशी आहे तशी ठेवून तिच्यावर खडीचे जाड पांघरूण घालायचे. हा भराव रस्त्याचे वजन पेलतो आणि त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे खालची थंडी खालीच राखतो.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आपण घाटात आयुष्यभर पाण्याला वाट काढून दिली. गटार उघडं, मोरी साफ, म्हणजे रस्ता वाचला. इथं पाणी होऊच द्यायचं नाही, हे काम!’ पुढच्या सबंध प्रवासात आमच्या बोलण्याचा धागा हाच राहिला. रस्त्याकडेच्या काळ्या स्प्रूसची झाडे जिथे वेडीवाकडी कललेली दिसत, तिथे तो मला सांगे की खाली हालचाल आहे. जिथे रस्त्याला लाटा आल्या होत्या, तिथेही तेच. तुकड्यातुकड्यावर खडी सारखी करणारे ग्रेडर चालू होते, खडीचे ढीग तयार होते, आणि एके ठिकाणी काम करणाऱ्या माणसांशी त्याने हातवारे व मोडके इंग्रजी यांच्या जोरावर चांगला अर्धा तास गप्पा मारल्या. रस्ता बांधणाऱ्यांना एकमेकांची भाषा लागत नाही, असे मला त्या वेळी मनापासून वाटले.

रस्त्याचा इतिहासही सरळ नाही. काम १९५९ साली सुरू झाले, उत्तरेतील तेल आणि खनिजे हाती यावीत या हेतूने. दोनेक वर्षांत ते थांबले. १९६८ साली अलास्कातील प्रुधो बे येथे मोठा तेलसाठा सापडल्यावर त्याला पुन्हा गती आली आणि १९७९ साली तो वाहतुकीला खुला झाला. म्हणजे पहिली खडी पडली ती आम्ही दोघे जन्मण्याआधी, आणि फीत कापली गेली ती आम्ही शाळेत असताना.

ओगिल्व्ही पर्वतांत शिरल्यावर डोंगरांचे रूप पालटते. हिमयुगात या भागाचा बराचसा पट्टा हिमनद्यांखाली गेला नव्हता, त्यामुळे इथले डोंगर खरवडलेले नाहीत. ते गोलसर, झिजलेले आणि घसरत्या खड्यांनी झाकलेले आहेत. एंजिनियर क्रीकच्या काठचे दगड लोहामुळे तांबूस झाले आहेत आणि हवेला गंधकाचा वास येतो. पुढे रस्ता चढून लांबलचक पठारावर येतो, आणि तिथल्या धारदार खड्यांनी आमचे मागचे चाक फोडले. आम्ही जॅक काढेपर्यंत उलट दिशेने येणारा मालट्रक थांबला, चालक उतरला, काही न विचारता त्याने पाना हातात घेतला आणि चाक बसल्यावर निघून गेला. या रस्त्यावर उभ्या गाडीपाशी न थांबता कोणी पुढे जात नाही.

ईगल प्लेन्सचे हॉटेल उघड्या खडकावर बांधलेले आहे, म्हणजे तिथे गोठलेल्या मातीची चिंताच नाही. मित्राने ती जागा निवडणाऱ्याचे तोंड भरून कौतुक केले. तिथून छत्तीस किलोमीटरवर आर्क्टिक वृत्ताची पाटी येते. आम्ही फोटो काढले, पण त्या पाटीपेक्षा मला पुढची रिचर्डसन पर्वतरांग अधिक आठवते. २०१७ च्या गणनेत दोन लाखांहून अधिक भरलेला पॉर्क्युपाइन कॅरिबूंचा, म्हणजे रेनडियरच्या जातीच्या हरणांचा, कळप हिवाळ्यात या भागात येतो. आम्ही गेलो तेव्हा तो दूर होता. दिसले ते फक्त दोन एकांडे नर, लाल झुडपांतून सावकाश चाललेले.

पर्वत उतरल्यावर पील नदीवरची फेरीबोट आणि पलीकडे फोर्ट मॅकफर्सन. ग्विचिन या तिथल्या मूळ लोकांच्या या गावातल्या चार पोलिसांच्या कबरींपाशी आम्ही बराच वेळ होतो, आणि रस्त्याच्या नावाची कथा तिथेच नीट उलगडली. १९१० च्या २१ डिसेंबरला इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड आणि तीन सहकारी टपाल घेऊन, कुत्र्यांच्या गाड्यांसह, इथून डॉसनकडे निघाले. वजन कमी राहावे म्हणून त्यांनी अन्न बेताचेच घेतले होते. वाटेत इसाऊ जॉर्ज या ग्विचिन माणसाने त्यांना काही अंतर रस्ता दाखवला, पण पुढे त्याची गरज नाही असे मानून त्याला परत पाठवण्यात आले. ज्या ओढ्यावरून वळायचे तो त्यांना सापडलाच नाही. परत फिरेपर्यंत अन्न जवळजवळ संपले होते. त्यांनी कुत्री मारून खाल्ली, आणि चौघेही फोर्ट मॅकफर्सनपासून फार दूर नसताना मरण पावले. फेब्रुवारीच्या शेवटी डॉसनहून कॉर्पोरल डेम्पस्टर शोधाला निघाला, त्याच्यासोबत चार्ली स्ट्युअर्ट हा वाटाड्या होता, आणि मार्चमध्ये त्यांना मृतदेह सापडले. महामार्गाला नाव डेम्पस्टरचे मिळाले.

डेम्पस्टरच्या कर्तबगारीविषयी मला आदर आहे. तरीही इसाऊ जॉर्जला परत पाठवण्याचा तो निर्णय मला या सगळ्या कथेचे मर्म वाटतो. ज्या भूमीत चार शिकलेसवरलेले, अनुभवी पोलीस उपासमारीत गेले, त्याच भूमीत ग्विचिन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या, हिवाळ्यासकट, राहत आली होती. उत्तरेला ‘ओसाड’ म्हणणे हा अज्ञानाचा भाग आहे, आणि मी स्वतः कॅनडात इतकी वर्षे राहून हे इथे येईपर्यंत नीट समजून घेतले नव्हते. मित्र म्हणाला, ‘आपल्याकडं सर्व्हेला गेलो की आधी गुराख्याला गाठायचो. पाणी कुठून वाहतं ते नकाशाला नंतर कळतं.’

पुढे त्सिगेचिकजवळ मॅकेन्झी नदी ओलांडावी लागते. या दोन्ही नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून बर्फाचा रस्ता, आणि नदी गोठत किंवा फुटत असतानाचे काही आठवडे काहीच नाही. त्या आठवड्यांसाठी लोक घरात किराणा भरून ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी होते तशीच ही बेगमी.

इनुव्हिक हे गाव १९५० च्या दशकात, जुन्या अक्लाविकला पुराचा आणि जमीन खचण्याचा धोका होता म्हणून, योजून वसवलेले. इथली घरे खांबांवर उभी आहेत, म्हणजे घराची ऊब जमिनीपर्यंत जात नाही. पाण्याचे व सांडपाण्याचे नळही जमिनीखाली पुरता येत नाहीत, म्हणून ते उष्णतारोधक पेट्यांतून जमिनीच्या वरून, घरामागून घराकडे जातात. मित्राने त्या नळांच्या कडेकडेने सबंध गाव पायी पालथे घातले. गावात इग्लूच्या आकाराचे पांढरे चर्च आहे, आणि २०१० साली विनिपेगहून ट्रक व तराफ्यावरून सुमारे चार हजार किलोमीटर प्रवास करून आलेली एक छोटी मशीदही आहे. दूरदेशी आलेल्या माणसांनी आपले प्रार्थनास्थळ असे वाहून आणावे, हे एडमंटनमध्ये दरवर्षी गणपती बसवणाऱ्या मला अगदी जवळचे वाटले.

तुक्तोयाक्तुकचा रस्ता मित्राला सर्वांत आवडला. त्याचे काम २०१४ च्या जानेवारीत सुरू झाले आणि भरावाचे काम मुख्यतः हिवाळ्यात, जमीन घट्ट गोठलेली असताना केले गेले. टुंड्रा न खरवडता तिच्यावर कापडासारखा थर अंथरून त्यावर भराव घातला गेला. दोन्ही बाजूंना तळीच तळी, उत्तरेकडे गेल्यावर झाड एकही नाही, आणि गावाच्या जवळ पिंगो, म्हणजे आतल्या बर्फाच्या दाबाने वर उचलल्या गेलेल्या शंकूसारख्या टेकड्या. त्यांतील इब्युक सुमारे ४९ मीटर उंच आहे.

तुक्तोयाक्तुक हे नऊशेच्या आसपास वस्तीचे इनुव्हियालुइट लोकांचे गाव. समुद्राला आम्ही हात लावला, पाणी बर्फासारखे होते. पण गावात लोक आमच्याशी बोलले ते किनाऱ्याविषयी. समुद्रावरचा बर्फ पूर्वीपेक्षा उशिरा धरतो, लाटांना मोकळे पाणी अधिक काळ मिळते, आणि गोठलेल्या मातीचा किनारा वितळून तुटतो. टोकावरची काही घरे २०२० साली उचलून आत हलवावी लागली. रस्ता राखण्यासाठी खालची थंडी जपायची ही जी कला आम्ही सबंध वाटेवर पाहिली, तिला हवाच साथ देईनाशी झाली तर भराव किती जाड करणार, हा प्रश्न मित्राने तिथे किनाऱ्यावर उभे राहून मांडला. आम्ही दोघांनी गणित करून पाहिले आणि आमच्या हाती उत्तर आले नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. टायर जाड थरांचे घ्या, स्टेपन्या दोन ठेवा आणि प्रत्येक पंपावर टाकी भरा, गरज नसली तरी. फेऱ्या चालू आहेत की नाहीत हे निघण्याआधी पाहा, कारण वारा किंवा नदीची पातळी यांमुळे त्या थांबतात. दुसरे, तुक्तोयाक्तुकला जाऊन पाटीपाशी फोटो काढून त्याच दिवशी परत फिरू नका. तिथे मुक्काम करा, गावातल्याच माणसाला बरोबर घेऊन पिंगोंकडे जा आणि त्याला त्याचे पैसे द्या. आम्हाला नेणाऱ्या गृहस्थांना किनारा कुठे होता हे दरवर्षीच्या हिशेबाने ठाऊक होते, आणि माझ्या मित्राच्या वहीची शेवटची दहा पाने त्यांनी सांगितलेल्या गोष्टींनी भरलेली आहेत.