कुताइसीच्या धुक्यात एफ-१६ उतरवताना: डीसीएसमधलं आयएलएस लँडिंग

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानं उडवायच्या संगणकीय खेळात लोक महिनोन्‌महिने क्षेपणास्त्रं आणि रडार घोटतात. मग एखाद्या मिशनच्या शेवटी ढग खाली आलेले असतात, टाकीत हजार पौंड इंधन उरलेलं असतं, आणि धावपट्टी कुठेच दिसत नाही. आयएलएस, म्हणजे धावपट्टी दिसत नसताना रेडिओच्या संकेतांवरून काट्यांनी वाट दाखवणारी व्यवस्था, शिकायची आठवण तेव्हा होते. खरं तर हे काम दोन-तीन संध्याकाळींत जमण्यासारखं आहे. बहुतेकांचं लँडिंग बिघडतं ते शेवटच्या दोनशे फुटांत, असं वाटतं. प्रत्यक्षात ते दहा मैल आधीच बिघडलेलं असतं.

सरावासाठी कॉकेशस नकाशावरचा कुताइसी विमानतळ घ्या. नकाशा फुकट आहे, आणि एफ-१६सी विकत घ्यायचं नसेल तर बहुतेक मॉड्यूल १४ दिवस वापरून बघता येतात. कुताइसीच निवडायचं कारण साधं आहे. ०८ धावपट्टीवर पश्चिमेकडून येताना खाली कोल्खेतीचा सपाट दलदलीचा प्रदेश लागतो, वाटेत डोंगर नाही. बातुमीलाही आयएलएस आहे, समुद्रावरून देखणा येता येतो, पण धावपट्टीच्या पुढे डोंगर उभे असतात. लँडिंग फसलं की विचार करायला वेळ मिळत नाही. बातुमी नंतर.

कुताइसीचे आकडे कागदावर लिहून ठेवा: आयएलएस १०९.७५, टॅकन (विमानतळापासूनचं अंतर आणि दिशा सांगणारी रेडिओ व्यवस्था) ४४ एक्स, विमानतळाची उंची १४८ फूट. धावपट्टीची खरी दिशा ७४ अंश आहे, पण कॉकेशस नकाशावर चुंबकीय फरक पूर्वेकडे साधारण ६ अंशांचा असतो. तो वजा करायचा, म्हणून विमानात कोर्स ०६८ भरायचा. हे वजा करायला विसरलेला माणूस काटे बरोबर मध्ये असूनही चित्र तिरकं का दिसतं म्हणून डोकं खाजवत बसतो.

मिशन एडिटरमध्ये एक सापळा आहे. कुताइसीला आयएलएस फक्त ०८ बाजूला आहे, आणि डीसीएस वाऱ्याप्रमाणे वापरातली धावपट्टी ठरवतं. वारा पश्चिमेकडून ठेवलात तर २६, म्हणजे तीच धावपट्टी उलट बाजूने, वापरात येते आणि ०८ चं आयएलएस बंद होतं. मग फ्रीक्वेन्सी बरोबर, विमान बरोबर, आणि तरी काटे मेलेले. त्यामुळे वारा पूर्वेकडून येणारा, तीन-चार मीटर प्रति सेकंद ठेवा. एडिटरमधला दिशेचा आकडा वारा कुठून येतो ते सांगतो की कुठे जातो, याचा घोळ नको म्हणून शेजारचा बाण बघून खात्री करा. पहिले चार-पाच प्रयत्न स्वच्छ हवेत करा, म्हणजे काटे काय सांगताहेत आणि डोळ्यांना काय दिसतंय हे जुळवून बघता येतं. त्यानंतर धुकं आणा. तयार ढगांचे बहुतेक नमुने पुरेसे खाली उतरत नाहीत, म्हणून दृश्यमानता आणि जाडी हे धुक्याचे दोन आकडे हाताने भरलेले बरे.

विमान सुरुवातीला हवेतच ठेवा: सेनाकीच्या दक्षिणेला, कुताइसीपासून वीस-एक नॉटिकल मैल पश्चिमेला, ३००० फुटांवर, ३०० नॉट वेगाने. धावपट्टीच्या वाढवलेल्या रेषेपासून चार-पाच मैल बाजूला ठेवा. थेट रेषेवर ठेवलंत तर लोकलायझर (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा आयएलएसचा संकेत) पकडायचा सराव होणारच नाही.

आता कॉकपिट. आधी ऑडिओ पॅनेलवरचा आयएलएसचा नॉब बंद स्थितीतून बाहेर काढा. थंड विमान सुरू केलं असेल तर हा हमखास राहून जातो. मग समोरच्या कीपॅडवर १ म्हणजे टी-आयएलएसचं बटण. पानाच्या डाव्या बाजूला टॅकन, उजव्या बाजूला आयएलएस. ४४ टाइप करून एंटर केलं की टॅकनचं चॅनेल भरलं जातं. बँड एक्सच्या जागी वाय दिसत असेल तर ० टाइप करून एंटर, की तो बदलतो. टॅकन पाठवणं-घेणं या दोन्ही स्थितीत आहे ना तेही पाहा, नाहीतर अंतर येणार नाही. त्यानंतर १०९७५ टाइप करून एंटर. दशांश चिन्ह द्यायचं नसतं. आकडे किती आहेत यावरून विमान चॅनेल आणि फ्रीक्वेन्सी वेगळी ओळखतं. खाली कोर्सच्या ओळीवर जाऊन ०६८ भरा. मग सीएमडी स्टिअरिंगच्या ओळीवर जाऊन ० दाबा, म्हणजे ती ठळक होते आणि हडवर, म्हणजे समोरच्या पारदर्शक काचेवरच्या दर्शकावर, मार्गदर्शक वर्तुळ येतं.

गुडघ्यांमधल्या एचएसआयवर (दिशा दाखवणाऱ्या यंत्रावर) मोडचं बटण दाबत पीएलएस-टीसीएन आणा. आता काटे आयएलएसचे आणि मैल टॅकनचे असे दोन्ही मिळतात. तिथला कोर्स भरलेल्या कोर्सशी जुळतो का तेही बघा. लोकलायझरचा काटा कोर्स चुकला तरी खरंच सांगतो, पण मार्गदर्शक वर्तुळ मात्र तुम्ही भरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतं. विमान नॅव्ह मोडमध्ये ठेवा. शस्त्रांच्या मोडमध्ये राहून आयएलएसच्या रेषा शोधणारे पुष्कळ असतात.

उंचीमापकाचंही बघून घ्या. डीसीएसचा टॉवर सहसा क्यूएफई (विमानतळावरचा हवेचा दाब) देतो, तो लावला तर धावपट्टीवर उंची शून्य दिसते. क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला दाब) लावला तर १४८ दिसते. दाबाच्या इंचाच्या शंभराव्या भागाला साधारण दहा फूट पडतात, म्हणजे आकडा पाव इंच चुकला तर अडीचशे फूट गेले. धुक्यात अडीचशे फूट म्हणजे सगळंच.

काटे नेमकं काय मोजतात हे एकदा समजून घेतलं की पुढची अर्धी भांडणं मिटतात. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि रेडिओ संकेतांचे दोन पट्टे सोडतो: येणाऱ्या वैमानिकाच्या डावीकडे ९० हर्ट्झचा, उजवीकडे १५० हर्ट्झचा. दोन्ही समान तिथे मध्यरेषा. ग्लाईडस्लोपमध्येही, म्हणजे खाली उतरायचा उतार दाखवणाऱ्या संकेतातही, तेच, फक्त वर ९० आणि खाली १५०, आणि उतार बहुधा ३ अंशांचा. काटा अंतर दाखवत नाही, तो कोन दाखवतो. लोकलायझरचा काटा पूर्ण कडेला जायला साधारण अडीच अंश लागतात. अँटेनापासून १० मैलांवर ते म्हणजे जवळपास ८०० मीटर, २ मैलांवर जेमतेम १६० मीटर. ग्लाईडस्लोपचा पूर्ण काटा सुमारे ०.७ अंशांचा: १० मैलांवर साडेसातशे फुटांच्या आसपास, १ मैलावर पाऊणशे फूट. म्हणून १० मैलांवर झोपाळल्यासारखा वागणारा काटा २ मैलांवर चिमणीसारखा उडतो. दुरुस्तीचा हात तसतसा लहान करत न्यायचा. जो शेवटपर्यंत एकाच मापाने हात मारतो तो धावपट्टीवर नागमोडी चालीने येतो.

उताराचं गणित तोंडी करता येतं. ३ अंशांच्या उतारावर प्रत्येक नॉटिकल मैलाला जवळजवळ ३१८ फूट पडतात, ३०० धरा. ३००० फुटांवरून आलात तर ग्लाईडस्लोप साधारण ९ मैलांवर भेटेल. खाली येण्याचा वेग म्हणजे जमिनीवरचा वेग गुणिले ५ आणि वर थोडा: १५० नॉटला मिनिटाला ८०० फूट. हे आकडे डोक्यात असले की ९ मैलांवर उंची ४५०० दिसताच काहीतरी गडबड आहे हे कळतं. ग्लाईडस्लोप नेहमी खालून पकडायचा. वरून पकडायला गेलात तर नाक खाली जातं, वेग वाढतो, आणि एफ-१६ हलकं झालेलं असेल तर तो वेग काही केल्या उतरत नाही.

आता मुख्य काम. २५ ते ३० अंशांच्या कोनाने लोकलायझरकडे या, काटा सुटायला लागला की वळा. १२ मैलांवर २५० नॉट, चाकं खाली (३०० नॉटच्या वर कधीच नाही). फ्लॅप्सची काळजी नको, चाकं खाली गेली की ते आपणच उतरतात. स्पीडब्रेक (हवेत उघडून वेग मारणाऱ्या झडपा) उघडे ठेवा. चाकं खाली असताना ते ४३ अंशांवर थांबतात, कारण पूर्ण उघडले तर धावपट्टीला घासतील. त्यांचा खरा फायदा वेगळाच आहे: ओढ वाढली की इंजिन जास्त जोरावर चालवावं लागतं, आणि जोरावर असलेलं इंजिन थ्रॉटलला लगेच उत्तर देतं. आयडलवर पडलेल्या इंजिनाला जाग यायला वेळ लागतो, तोवर ग्लाईडस्लोप निघून जातो.

१० मैलांपर्यंत १८० नॉट, ग्लाईडस्लोप येईपर्यंत अप्रोचचा आक्रमण-कोन (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन). वेगाचा आकडा वजनावर ठरतो, बहुधा १४० ते १६० नॉटच्या मध्ये. आकड्यामागे धावण्यापेक्षा हडवरचा कंस बघा: वरचं टोक ११ अंश, मध्य १३, खालचं टोक १५. फ्लाईट पाथ मार्कर, म्हणजे विमान प्रत्यक्षात कुठे चाललंय ते दाखवणारं लहान वर्तुळ, कंसाच्या वरच्या टोकाशी असलं की ११ अंश. इथे एफ-१६ चा एक स्वभाव नडतो. चाकं खाली असताना १० अंशांपर्यंत काठी नाकाच्या फिरण्याचा वेग मागते, त्यापुढे आक्रमण-कोनही हिशेबात धरते. त्यामुळे ११ अंशांवर नाक आपोआप खाली यायला बघतं, काठी सतत ओढून धरावी लागते. ट्रिम (काठीवरचा सततचा जोर काढून घेणारी सोय) मागे घ्या, हात मोकळा होतो.

चाकं खाली असताना हडवर क्षितिजाच्या खाली अडीच अंशांवर एक तुटक रेषा दिसते. ग्लाईडस्लोपचा काटा मध्याकडे उतरू लागला की फ्लाईट पाथ मार्कर त्या रेषेच्या जरासा खाली ठेवा आणि थोडा थ्रॉटल मागे घ्या. मार्कर विमानाच्या जडत्व यंत्रणेवरून चालतो, म्हणून समोरून वारा असला तरी ३ अंश म्हणजे जमिनीशी ३ अंशच राहतात, फक्त खाली येण्याचा वेग कमी दिसतो. मार्गदर्शक वर्तुळावर वरच्या बाजूला छोटी खूण आली की ते उतारही दाखवू लागतं. तोपर्यंत ते फक्त डावं-उजवं सांगत असतं. नवखे लोक त्याआधीच त्याच्यामागे नाक खाली दाबतात.

यापुढे दुरुस्ती छोटी: मार्कर अर्धा अंश वर किंवा खाली, दिशा ३ ते ५ अंश, ५ मैलांच्या आत २ अंश. एकदा दुरुस्त करा, तीन-चार सेकंद थांबा, काटा हलायला लागला का ते बघा. मार्करने उतार सांभाळा, थ्रॉटलने कंस. बाजूने वारा असेल तर काटे मध्ये असतानाही मार्कर एका बाजूला सरकलेला दिसेल, ते बरोबरच आहे. ड्रिफ्ट (वाऱ्याने बाजूला सरकणं) काढून टाकणारा स्विच त्या वेळी नॉर्मलवर असू द्या, नाहीतर मार्कर मध्ये बसवला जातो आणि तुम्ही नाक धावपट्टीकडे रोखून हळूहळू तिच्या बाजूला सरकत राहता. एफ-१६ तिरपं उतरलं तरी चालतं, चाकं टेकल्यावर ते स्वतःच सरळ होतं. टेकण्याआधी जोरात रडर मारायची गरज नाही.

२०० फूट हा निर्णयाचा आकडा. क्यूएनएच लावला असेल तर कुताइसीला मापकावर ३५० च्या आसपास. तिथे दिवे किंवा पट्टी दिसली नाही तर एक सेकंदही रेंगाळू नका: थ्रॉटल पूर्ण पुढे, स्पीडब्रेक बंद, मार्कर क्षितिजाच्या वर, वर चढताना दिसलं की चाकं आत. सरळ वर जा, उत्तरेकडे वळू नका, तिकडे कॉकेशसची रांग आहे. हा सराव आयएलएसपेक्षाही जास्त वेळा करा. बहुतेक अपघात 'आता दिसेल' म्हणत खाली रेंगाळल्याने होतात.

पट्टी दिसली तर आता काटे सोडा. ग्लाईडस्लोप धावपट्टीच्या टोकापासून साधारण ३०० मीटर आत टेकवतो. मार्कर टोकाच्या जरा पुढे ठेवून थ्रॉटल हळूहळू मागे घ्या, नाक १३ अंशांवर येऊ द्या. १५ च्या वर शेपूट घासतं. टेकल्यावर नाक लगेच पाडू नका, १३ अंशांवर धरून हवेनेच वेग मारा. शंभर नॉटच्या खाली आलं की नाक आपणहून उतरू द्या, मग ब्रेक.

काय बिघडलं ते कळण्यासाठी टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उड्डाण उघडा आणि १०, ५ आणि २ मैलांवरची उंची, वेग, आक्रमण-कोन लिहून काढा. तिथे ३०००, १६००, ७०० च्या जवळ आकडे असले पाहिजेत. १० मैलांवर २८० नॉट दिसला तर पुढचं काही तपासायचं कारण नाही: चाकं, ब्रेक, ट्रिम सगळं वरातीमागून घोडं होतं.

एक खबरदारी विमानं बदलणाऱ्यांसाठी. हॉर्नेट म्हणजे एफ/ए-१८सी मध्ये हे आयएलएस नाहीच, तिथलं आयसीएलएस विमानवाहू जहाजासाठी आहे. कुताइसीची फ्रीक्वेन्सी शोधत बसू नका. फुकटच्या एसयू-२५टी मध्ये सोव्हिएत पद्धतीची लँडिंग व्यवस्था आहे. तिथे १ नंबरची कळ दाबत लँडिंगच्या मोडवर जायचं. उंची मीटरमध्ये आणि वेग तासाला किलोमीटरमध्ये असतो, म्हणून वरची गणितं पुन्हा करून घ्या: एका किलोमीटरला साधारण ५२ मीटर उंची.