ग्रांफू ते बातल, लिफ्ट केलेली जीप आणि काझ्यातला ४२,००० रुपयांचा अंदाज

अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून मनालीहून स्पितीला जाणे सोपे झाले आहे, असे पुण्यात बसून सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. सुमारे ९ किलोमीटरचा बोगदा रोहतांगचा घाट वाचवतो. पण कोकसरवरून ग्रांफूला वळल्यावर छत्रू, छोटा दरा आणि बातलपर्यंत जो सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा लागतो, त्याचे बोगद्याने काहीही भले केलेले नाही. तेथे गोटे आहेत, रस्त्यावरून वाहणारे नाले आहेत, फोनला रेंज नाही, आणि मनालीनंतरचा पेट्रोल पंप थेट काझ्यात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, आहे. बर्फ वितळून नाले दुपारी फुगतात, म्हणून हा पट्टा सकाळीच उरकावा. बाकी तयारी वाचणाऱ्याने केलेली असेलच. येथे फक्त मागच्या एक्सलविषयी, म्हणजे मागची दोन चाके जोडणाऱ्या दांड्याविषयी, लिहितो.

आमची जीप पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) आहे आणि निघण्याआधी ती ३ इंच उंच करून घेतली होती. करणाऱ्याने "बाकी कशाला हात लावावा लागत नाही" असे ठामपणे सांगितले होते. छत्रूच्या पुढे गिअर बदलताना मागून "ठक्" असा आवाज येऊ लागला. ४,५५१ मीटर उंचीचा कुंझुम घाट ओलांडून लोसर गावानंतर जरा बरा रस्ता लागला, तेव्हा ४० ते ५० च्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला की आसनाखाली थरथर जाणवू लागली, आणि गाडी सरळ चालवण्यासाठी स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून ठेवावे लागत होते. काझ्यातल्या एका गॅरेजमध्ये गाडीखाली न वाकताच निदान झाले: क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधले मोठे आणि छोटे दातेरी चाक) गेले, सेट मनालीहून मागवावा लागेल, सगळे मिळून ४२,००० रुपये.

लोडवर, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर, आवाज आला की क्राउन-पिनियन, हे समीकरण लिफ्ट केलेल्या गाडीला आंधळेपणाने लावू नये. दातांची झीज सुरात ऐकू येते, म्हणजे वेगाबरोबर चढत जाणारा रडका आवाज येतो. आम्हाला सूर ऐकू येत नव्हता, हादरा जाणवत होता, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. गाडी उंच झाली की गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो. शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, कोनात फिरू लागला की शाफ्टच्या प्रत्येक फेरीत वेग दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एक क्रॉस दुसऱ्याची चूक खाऊन टाकतो, नसतील तर ती थरथर सरळ आसनापर्यंत येते. त्यातच ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून लोडवर आणि लोडशिवाय फरक पडतो, आणि मिस्त्री त्यालाच डिफरन्शिअलचा, म्हणजे क्राउन-पिनियनच्या डब्याचा, बिघाड समजतो.

खात्री करून घेण्यासाठी आधी गार एक्सलच्या ड्रेन प्लगमधून थोडे ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्यायला लावले. प्लगवरच्या चुंबकाला बारीक राखाडी लगदा चिकटणे चालते. पोलादाचे तुकडे निघाले तर मात्र पाकीट उघडावे. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचे दिसले तर आत पाणी शिरले आहे, कारण नाल्यात गरम एक्सल अचानक गार होतो आणि ब्रीदर (एक्सलची हवा जाण्या-येण्याची नळी) तुंबलेला असेल तर तो सीलमधून पाणी ओढतो. आमचे ऑइल स्वच्छ होते. मग चाकांना पुढेमागे दगड लावले, गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि शाफ्ट हाताने हलवून पाहिला: क्रॉसमध्ये सैलपणा नव्हता, आणि पिनियनची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो ती चकती, वर-खाली अजिबात हलत नव्हती, म्हणजे पिनियनचे बेअरिंगही शाबूत होते.

उत्तर शेवटी टेपने दिले. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधले अंतर, पुढची चाके सरळ ठेवून, दोन्ही बाजूंना मोजले. डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा १४ मिलिमीटर जास्त भरले. डावीकडचे पाटे एकत्र धरून एक्सलची जागा ठरवणारा सेंटर बोल्ट तुटला होता, एक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट सैल होते, आणि एक्सल त्या बाजूने मागे सरकला होता. "ठक्" आणि वाकडे स्टिअरिंग ही दोन्ही त्याचीच लक्षणे. टेप नसेल तर ओल्या वाळूतून सरळ गाडी न्यावी आणि चाकोऱ्या पाहाव्यात. मागची चाके पुढच्यांच्या चाकोरीत न पडता सारखी एका बाजूला पडत असतील, तर एक्सल तिरका आहे.

ट्रक आणि पिकअपचे पाटे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने बोल्ट बदलून, एक्सल जागेवर बसवून, मजुरीसह १,३०० रुपये घेतले. जाग्यावर पैसे वाचल्याचा आनंद इतका झाला, की त्यापुढचे काझा आणि की व किब्बर या गावांतले सुखाचे दिवस लिहिण्याजोगे वाटत नाहीत.

थरथर मात्र परतीच्या सगळ्या रस्त्यावर राहिली. पुण्यात पाटे खोलल्यावर दिसले, की पिनियनचा कोन सुधारण्यासाठी घातलेल्या पाचरी उलट्या दिशेने बसवल्या होत्या आणि यू-बोल्ट जुनेच पुन्हा वापरले होते. ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा धड पकडत नाही. म्हणून लिफ्ट करून घेताना नवे यू-बोल्ट समोर उभे राहून बसवून घ्यावेत, पहिल्या १५० ते २०० किलोमीटरनंतर ते पुन्हा कसून घ्यावेत, आणि ग्रांफूला वळण्याआधी मनालीत पान्हा लावून पाहावा. टेप, खडू, एक जादा सेंटर बोल्ट आणि त्या मापाचा पान्हा गाडीत असू द्यावा. लिफ्टची गाडी पहिल्यांदाच नेणाऱ्याने स्पितीत किन्नौरच्या बाजूने, नाकोमार्गे शिरावे: ग्रांफू-बातलचा पट्टा तेव्हा शेवटी येतो, आणि काही सैल होणारच असेल तर काझ्याला पोहोचेपर्यंत ते ऐकू आलेले असते.