रॅम ३२ जीबी आणि तरी टाइमलाइन अडकतेय

लग्नसराईचे दिवस, दुकानात एक ओळखीचा व्हिडिओवाला आला, बरोबर सीपीयू आणि हातात रॅमचं सीलबंद पाकीट, १६ च्या दोन स्टिक. म्हणला भावा ह्या तेवढ्या बसवून दे, ३२ हाय पण भागंना झालंय, एडिटिंगची टाइमलाइन प्ले केली की अडकतंय, ६४ केल्याशिवाय काय खरं नाही.

मी म्हणलं आधी बघूया तरी. मशीन चांगलं होतं, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्याचाच सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडायला लावला आणि शेजारी टास्क मॅनेजर ठेवला. मेमरी १९-२० जीबीच्या पुढं जातच नव्हती. म्हणजे १०-१२ जीबी मोकळीच पडलेली, आणि हा अजून ३२ घेऊन आलेला! खाली स्पीड मात्र २४०० दिसत होता, स्टिकवर तर ३२०० छापलेलं.

कव्हर उघडलं आणि कळलं. ज्यानं कुणी पीसी जुळवलेला त्यानं दोन्ही स्टिक शेजारीशेजारी घातलेल्या, प्रोसेसरकडनं पहिल्या दोन स्लॉटात. बोर्डवर चारही स्लॉट काळे, त्यामुळं रंगावरनं पण कळत नाही, पण ते दोन स्लॉट एकाच चॅनलचे, म्हणजे प्रोसेसरकडं जाणाऱ्या एकाच रस्त्यावरचे असतात. सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दाखवलं, चॅनल सिंगल. वर एक्सएमपी (रॅम छापलेल्या स्पीडला चालवायचं सेटिंग) बंद. हिशोब साधा आहे, २४०० सिंगल म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी आणि ३२०० ड्युअल (दोन चॅनल) म्हणजे ५१.२, कागदावर तरी. वेगळं कार्ड असतं तर एवढं जाणवलं नसतं कदाचित, पण इथं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतंय, त्याला स्वतःची मेमरीच नाही, मग ते उपाशीच राहणार की.

एक स्टिक काढली, प्रोसेसरकडनं दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात दोन्ही बसवल्या (बोर्डवर बारीक अक्षरात ए२ बी२ लिहिलेलं असतं, वाचत कोण नाही), बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू केलं. सेव्ह करून रिस्टार्ट केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी, गडी घाबरला, "मेलं काय रं?" म्हणलं थांब, बोर्ड नवीन स्पीडला रॅम जुळवून बघतोय. आलं चालू. तोच प्रोजेक्ट, तेच कलर करेक्शनचे लेयर, टाइमलाइन बऱ्यापैकी सरळ पळायला लागली. एक्सपोर्टला फार फरक नाही पडला हे पण सांगतो, तिथं काम जास्त प्रोसेसरचं असतं.

तरी त्याचा जीव त्या दोन रिकाम्या स्लॉटात अडकलेला, "आणलंयच तर घालूया की". गिऱ्हाइकांना रिकामा स्लॉट बघवतच नाही, काय करणार. त्याला सांगितलं, चार स्टिक झाल्या की मेमरी कंट्रोलरवर लोड येतो, ड्युअल रँकच्या (एका स्टिकवर चिपचे दोन गट) चार असतील तर ह्या प्रोसेसरला एएमडी स्वतः २६६७ पर्यंतच सांगते, ३२०० वर चालल्या तर नशीब. वर ह्या दुसऱ्या कंपनीच्या, टायमिंग वेगळं. ऐन सीझनला पीसी मधेच रिस्टार्ट व्हायला लागला तर नवरीच्या बापाला तोंड काय दाखवणार? कधी खरंच ६४ लागले तर ह्या विकून ३२ च्या दोनचा एकच किट घ्यायचा.

संध्याकाळपर्यंत मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावून ठेवली, एक पण एरर नाही. पाकीट परत दे म्हणलं, सगळं फुटेज जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरनं एडिट करतोयस, त्या पैशात एसएसडी घे.

दुसऱ्या दिवशी आला घेऊन, दुकानदारानं पैसे दिले नाहीत पण बदलून दिलं. बघतो तर जेन ४ ची (पीसीआयई जोडणीची चौथी पिढी) महागडी एनव्हीएमई एसएसडी, आणि ५६००जी प्रोसेसर आहे जेन ३ चा. चालंल म्हणलं, फक्त जेन ३ च्या स्पीडनं. आता कुठलंही पाकीट फोडायच्या आधी मला फोटो टाकतो.